घड्याळजी, पिता आणि संत : लुई मार्टिन

हातात क्रूस आणि गुलाबपुष्पे घेतलेली बाळ येशूची संत तेरेजा आपल्या भाविकांना अपरिचित नाही. अवघ्या चोवीस वर्षांचे आयुष्य लाभलेली ही कार्मेल मठवासिनी १९२५ साली संत म्हणून घोषित झाली, १९२७ साली मिशनकार्याची आश्रयदाती ठरली आणि १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांच्या मालिकेत स्थान दिले. तिच्या आत्मचरित्रात एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध गृहस्थ वारंवार भेटतात. लेकीचा हात धरून ते फिरायला जातात, वाटेत एखाद्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकतात, भिकाऱ्याला द्यायचे नाणे तिच्या चिमुकल्या हातात ठेवतात. वाचक त्यांच्याकडे आदराने पाहतो आणि पुढे जातो. एका संतिणीचे वडील एवढीच त्यांची ओळख बहुतेकांच्या मनात उरते.

परंतु १८ ऑक्टोबर २०१५ रोजी रोममध्ये कुटुंबविषयक धर्मसभा भरलेली असताना पोप फ्रान्सिस यांनी ह्या गृहस्थाला आणि त्यांच्या पत्नीला एकाच वेळी संतपद बहाल केले. रक्तसाक्षी नसलेल्या पतिपत्नींना जोडीने संत म्हणून घोषित करण्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील तो पहिलाच प्रसंग होता. ह्या गृहस्थांनी एकही मठ स्थापला नाही, ग्रंथ लिहिला नाही, दूरदेशी जाऊन सुवार्ता सांगितली नाही. त्यांनी घड्याळे दुरुस्त केली, मुलींना वाढवले आणि अखेरची काही वर्षे बुद्धी झाकोळलेल्या अवस्थेत काढली. ह्या तिन्ही गोष्टी आपल्याही घरांत घडतात. पैकी तिसरी घडते तेव्हा आपण बहुधा दारे लावून घेतो. म्हणूनच लुई मार्टिन यांचे जीवन मुळापासून समजून घेणे अगत्याचे वाटते.

सैनिकाचा मुलगा

लुई यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहरी झाला. वडील सैन्यात कॅप्टन होते. छावणी बदलेल त्याप्रमाणे कुटुंबही बदलत राहिले. वडील निवृत्त झाल्यावर मंडळी नॉर्मंडी प्रांतातील आलाँसाँ ह्या गावी स्थायिक झाली, तेव्हा लुई सात-आठ वर्षांचे होते. सैनिकाच्या घरातील शिस्त त्यांनी उचलली, तलवार मात्र उचलली नाही. विशीच्या उंबरठ्यावर ते घड्याळजीचे काम शिकण्यासाठी प्रथम ब्रिटनीतील रेन येथे आणि तेथून स्ट्रासबुर्गला गेले. स्ट्रासबुर्गच्या भव्य महामंदिरातील सुप्रसिद्ध खगोलीय घड्याळ श्विल्ग्वे नामक कारागिराने नव्याने घडवून १८४२ साली चालू केले होते. त्याच्या पुढच्याच वर्षी हा उमेदवार त्या शहरात आला. घड्याळाचे काम शिकणाऱ्या तरुणाला ह्याहून चांगली शाळा कोणती मिळणार?

ह्याच काळात आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्डच्या मठाने त्यांच्या मनाची पकड घेतली. सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरील त्या खिंडीत बर्फात अडकलेल्या वाटसरूंचे प्राण वाचवण्याचे काम तेथील मठवासी शतकानुशतके करीत आले होते. १८४५ साली लुई यांनी तेथे प्रवेशासाठी विचारणा केली. मठाधिपतींनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. परंतु लॅटिन शिकून या, असे सांगितले. लुई आलाँसाँला परतले, शिक्षकाकडे लॅटिनचे पाठ घेऊ लागले. पुढे प्रकृतीने साथ दिली नाही आणि वर्षादीडवर्षात पुस्तके विकून टाकावी लागली. मग ते पॅरिसला गेले आणि घड्याळांचे राहिलेले शिक्षण पूर्ण केले.

लॅटिनच्या पुस्तकांसाठी एकेकाळी केलेला खर्च आणि नंतर त्यांच्या विक्रीतून आलेली रक्कम ह्या दोन्ही नोंदी त्यांच्या हिशेबाच्या वहीत सापडतात. एका तरुणाचे मोठे स्वप्न त्या दोन ओळींत मावले आहे. त्याबद्दल त्यांनी देवाशी भांडण मांडल्याचा पुरावा कोठेही आढळत नाही.

पों-नफ रस्त्यावरील दुकान

नोव्हेंबर १८५० मध्ये लुई यांनी आलाँसाँच्या पों-नफ रस्त्यावर घर घेतले. वरच्या बाजूस आईवडील आणि ते स्वतः, खाली घड्याळांचे दुकान. पुढे त्याला दागदागिन्यांची जोड मिळाली. तो काळ फ्रान्समध्ये रेल्वेचे जाळे पसरण्याचा होता. सूर्याकडे पाहून दिवस मोजणाऱ्या माणसांना आता मिनिटांचा हिशेब ठेवणे भाग पडू लागले होते. खिशातले घड्याळ ही हळूहळू गरजेची वस्तू बनत होती. घड्याळजीचे काम म्हणजे दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणे, केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलणे, दातेरी चाकांतील धुळीचा कण शोधणे. घाईला तेथे वाव नाही आणि लबाडीला मात्र पुष्कळ वाव आहे. कारण घड्याळाच्या पोटात काय दुरुस्त केले हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. अशा धंद्यात लुई मार्टिन यांचे नाव सचोटीसाठी घेतले जाई.

त्यांच्या दुकानाचे वैशिष्ट्य म्हणजे ते रविवारी बंद असे. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटेल. त्या काळी ती साधी नव्हती. फ्रान्समध्ये १८१४ च्या कायद्याने रविवारी व्यापार करण्यास बंदी होती, परंतु तो कायदा बहुतांशी कागदावरच राहिला होता आणि १८८० साली तो रीतसर रद्दही झाला. १८४६ साली ला सालेत येथे पवित्र मरियेने दिलेल्या दर्शनात रविवार मोडल्याबद्दल खंत व्यक्त झाली होती, त्यावरूनही परिस्थितीची कल्पना येते. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी रविवारीच गावात येत. मुलामुलींचे विवाह ठरले की अंगठ्या आणि साखळ्या त्याच दिवशी घेतल्या जात. शेजारचे सराफ दुकान उघडे ठेवीत आणि गल्ला भरीत. निदान बाजूचा दरवाजा उघडा ठेवा, असा सल्ला लुई यांना मित्रांनी दिला. खुद्द त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनाही त्यात काही गैर वाटले नव्हते. लुई यांनी तो दरवाजाही बंदच ठेवला. आपल्या घरावर देवाची कृपा आहे ती रविवार पाळल्यामुळेच, असे पुढे त्यांच्या पत्नीने आपल्या भावाला पत्रातून कळवले आहे.

आपल्या धर्मग्रामांतील दुकानदार, टेम्पोवाले, भाजी-फुलांचे व्यापारी ह्यांना रविवारचा प्रश्न रोजचाच आहे. त्यांची पोटापाण्याची निकड धर्मगुरूला कळत नाही असे नाही. कित्येकांना तर रविवारी काम नाकारण्याची मोकळीकही नसते. तथापि ज्याच्या हाती ती मोकळीक आहे, त्याने लुई यांच्या त्या बाजूच्या दरवाजाचा विचार करावा. श्रद्धेची कसोटी पुष्कळदा अशा लहान दरवाजापाशीच लागते.

झेली आणि लेसचे काम

लुई पस्तिशीकडे झुकले तरी अविवाहित होते. १८५८ साली आलाँसाँच्या सेंट लिओनार्ड पुलावर त्यांची झेली गेरँ ह्या सव्वीस वर्षांच्या तरुणीशी गाठ पडली. झेलीलाही धर्मभगिनी व्हायचे होते आणि तिलाही नकार मिळाला होता. नंतर तिने आलाँसाँची सुईने विणायची लेस शिकून घेतली आणि स्वतःचा व्यवसाय उभारला. ही लेस इतकी सूक्ष्म असते की एक चौरस सेंटिमीटर तयार व्हायला सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोने ह्या कलेची नोंद मानवजातीच्या वारशात केली. गावातील स्त्रिया आपापल्या घरी तुकडे विणीत आणि दर गुरुवारी झेलीकडे आणून देत. ते तुकडे सांधा दिसणार नाही अशा बेताने जोडण्याचे सर्वांत कठीण काम ती स्वतः करी.

१३ जुलै १८५८ रोजी, मध्यरात्री, आलाँसाँच्या नोत्र-दाम चर्चमध्ये साध्या पद्धतीने त्यांचा विवाह झाला. आरंभीचे दहा महिने ह्या दांपत्याने बंधुभगिनीप्रमाणे व्यतीत केले. धर्मगुरूंच्या सल्ल्यानंतर त्यांनी तो निर्णय बदलला आणि मुलाबाळांचे स्वागत केले. पूर्वीच्या काही चरित्रकारांनी त्या दहा महिन्यांवर इतका भर दिला की हे दोघे चुकून संसारात पडलेले मठवासी आहेत, असे वाचकाला वाटावे. वस्तुस्थिती वेगळी आहे. झेली यांची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत मुलांचे दात, दुधाची दाई, लेसच्या मागण्या, नोकराणीची आजारपणे आणि पतीविषयीचे उघड प्रेम भरलेले आहे. ती वाचताना मठाची नव्हे, भरल्या घराची चाहूल लागते.

पहाटे साडेपाचच्या मिस्सेला दोघे बरोबर जात. लुई हे सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद होते. ही संस्था आपल्या धर्मग्रामांतही कार्यरत असल्याने तिच्या सभासदांना हा आपला ज्येष्ठ बंधू वाटेल. मासेमारीचा त्यांना छंद होता आणि गळाला लागलेली मासळी क्लारिस्त भगिनींच्या मठात पोहोचती होई. १८५७ साली घेतलेल्या एका लहानशा बागेत ते वाचन करीत आणि झाडे लावीत. तेथे ठेवलेली पवित्र मरियेची मूर्ती पुढे मार्टिन कुटुंबाच्या घरात आली. आजारी तेरेजेकडे पाहून स्मित करणारी म्हणून जी मूर्ती प्रसिद्ध झाली, ती हीच.

नऊ पाळणे, चार शवपेट्या

१८६० ते १८७३ ह्या तेरा वर्षांत त्यांना नऊ अपत्ये झाली. दोन मुलगे एक वर्षाचे होण्याआधीच गेले. हेलेन नावाची गोड मुलगी पाच वर्षांची होऊन फेब्रुवारी १८७० मध्ये वारली. त्याच वर्षी जन्मलेले दुसरे कन्यारत्न आठ आठवड्यांतच हरपले. मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि तेरेजा अशा पाच मुली राहिल्या. साऱ्या युरोपात तेव्हा बालमृत्यू सर्रास होत, हे खरे. परंतु संख्या मोठी असली म्हणून एकेका आईबापाचे दुःख लहान होत नाही. मुले जन्मलीच नसती तर बरे झाले असते, असे सांत्वन करणाऱ्यांना झेली यांनी पत्रांतून स्पष्ट उत्तर दिले आहे : मुले कायमची हरवलेली नाहीत, ती पुन्हा भेटणार आहेत.

१८७० साली लुई यांनी एक असामान्य निर्णय घेतला. पत्नीच्या लेसचा व्याप वाढला होता. तेव्हा त्यांनी आपले वीस वर्षांचे घड्याळांचे दुकान भाच्याला विकले आणि ते पत्नीच्या व्यवसायात दाखल झाले. हिशेब, पत्रव्यवहार आणि मालाच्या विक्रीसाठी प्रवास ही कामे त्यांनी अंगावर घेतली. एकोणिसाव्या शतकातील पुरुषाने आपला धंदा मिटून बायकोच्या धंद्याला हातभार लावावा, ह्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याच हिवाळ्यात प्रशियाबरोबरच्या युद्धाची झळ आलाँसाँला लागली. जानेवारी १८७१ मध्ये शत्रूचे नऊ सैनिक त्यांच्या घरात राहावयास आले आणि कुटुंबाला त्यांचीही सोय पाहावी लागली.

२८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने झेली यांचे निधन झाले. त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. थोरली मारी सतरा वर्षांची होती आणि धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची.

निवृत्त गृहस्थ

चौपन्न वर्षांच्या विधुराने आता काय करावे? आलाँसाँमध्ये त्यांची वृद्ध आई होती, मित्र होते, बाग होती आणि चार मुलांची थडगी होती. तरीसुद्धा मुलींना मामा-मामींचा आधार मिळावा म्हणून ते हे सारे सोडून नोव्हेंबर १८७७ मध्ये लिझ्यू ह्या गावी गेले. तेथे झेली यांचे बंधू औषधांचे दुकान चालवीत. 'ले ब्युइसोने' नावाच्या घरात लुई यांचे निवृत्त जीवन सुरू झाले. घरच्या माळ्यावरील खोलीत ते वाचन करीत, संध्याकाळी मुलींना गोष्टी सांगत, गाणी म्हणत, त्यांच्यासाठी खेळणी बनवीत. घड्याळांच्या सूक्ष्म कामाला सरावलेले ते हात अखेर लेकींच्या खेळण्यांत रमले.

परंतु ह्या घरातून एकेक मुलगी निघून जाऊ लागली. १८८२ साली पोलीन लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली, १८८६ साली मारी. लेओनीनेही मठजीवनाचा प्रयत्न आरंभला. २९ मे १८८७ रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजेने बागेत वडिलांजवळ बसून आपली इच्छा सांगितली. त्याच महिन्याच्या आरंभी त्यांना अर्धांगाचा पहिला झटका येऊन गेला होता. त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले, परंतु त्यांनी नकार दिला नाही. भिंतीवरचे एक लहानसे पांढरे फूल त्यांनी हळुवार उपटून तिच्या हाती दिले. ते मुळांसकट निघाले होते. एवढेच नव्हे तर लहान वयामुळे मठप्रवेशाला हरकत आली तेव्हा ते तिला घेऊन बिशपांकडे गेले आणि नोव्हेंबर १८८७ मध्ये पोप तेरावे लिओ ह्यांच्या भेटीसाठी रोमपर्यंत गेले. ९ एप्रिल १८८८ रोजी तेरेजा मठात दाखल झाली.

त्याच सुमारास लिझ्यूच्या सेंट पीटर महामंदिरात नवी मुख्य वेदी उभारण्याचा संकल्प होता. लुई यांनी त्यासाठी दहा हजार फ्रँक देऊ केले. मुली दिल्या, धन दिले. आता द्यायला उरले ते स्वतःच.

अखेरची वेदी

त्यानंतर जे घडले ते भक्तिपर चरित्रांत पुष्कळदा दोन-चार ओळींत उरकले जाते. जून १८८८ मध्ये लुई कोणालाही न सांगता घरातून निघून गेले. घाबरलेल्या नातलगांना ते चार दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. स्मृती दगा देऊ लागली, भास होऊ लागले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा तो विकार होता. १० जानेवारी १८८९ रोजी तेरेजेच्या वस्त्रग्रहण विधीला ते आनंदाने उपस्थित राहिले आणि महिनाभरातच, १२ फेब्रुवारीला, त्यांना काँ शहरातील बों सोव्हर ह्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे त्यांची तीन वर्षे गेली.

गावात कुजबुज सुरू झाली. एकामागून एक मुली मठात गेल्या, धाकटीने तर कहर केला, म्हणून बापाचे डोके फिरले, असे लोक बोलू लागले. हे बोलणे मठाच्या भिंती ओलांडून तेरेजेच्या कानांपर्यंत पोहोचले. सेलीन आणि लेओनी काही काळ काँ शहरात जाऊन राहिल्या, परंतु त्यांना आठवड्यातून एकदाच भेट मिळे. जून १८८९ मध्ये मालमत्तेची व्यवस्था नातलगांच्या हाती देण्यासाठी लुई यांची सही घेण्यात आली. त्या दिवशी ते शुद्धीवर होते आणि आपल्यावर अविश्वास दाखवला जात आहे असे वाटून त्यांना रडू कोसळले. हे वाचून कोणाचे मन हेलावणार नाही? कागदपत्रे, सही आणि वृद्धाचे अश्रू हे दृश्य आपल्या परिसरालाही नवे नाही.

भानावर असताना त्यांनी डॉक्टरांना आपल्या स्थितीचा अर्थ सांगितल्याचे नमूद आहे. आयुष्यभर आज्ञा देण्याची सवय होती, आता आज्ञा पाळण्याची वेळ आली आहे आणि ही नम्रता आपल्याला आवश्यकच होती, असा त्याचा आशय होता. तेरेजेला आपले बालपण आठवले. वडील प्रवासात असताना तिने एकदा बागेत वाकलेली, डोके झाकून घेतलेली एक आकृती पाहिली होती आणि ती वडिलांसारखीच होती. आजारात लुई खरोखरच डोके झाकून घेऊ लागले. प्रभू येशूचे दुःखसहनातील झाकलेले, विटंबिलेले मुखमंडल तिला आपल्या पित्याच्या ठायी दिसू लागले. ती येशूच्या पवित्र मुखाची भक्त झाली त्यामागे हा घरचा घाव आहे. तिच्या विख्यात 'लहान मार्गा'चा उगम शोधताना अभ्यासकांना म्हणूनच मनोरुग्णालयाच्या दाराशीही थांबावे लागते.

१८९२ च्या मे महिन्यात, पायांतील बळ गेल्यामुळे, त्यांना लिझ्यूला परत आणण्यात आले. मठाच्या जाळीआड मुलींची अखेरची भेट झाली. बोलता येत नव्हते. त्यांनी बोट वर केले आणि स्वर्गात भेटू, एवढेच कसेबसे सुचवले. पुढील दोन वर्षे सेलीनने त्यांची शुश्रूषा केली. २९ जुलै १८९४ रोजी ला म्युस येथे त्यांनी शांतपणे प्राण सोडला. सप्टेंबरमध्ये सेलीनही मठात गेली आणि काही वर्षांनी, १८९९ साली, वारंवार परत यावे लागलेली लेओनी काँ येथील व्हिजिटेशन मठात कायमची स्थिरावली. पाचही कन्या देवाच्या झाल्या.

ख्रिस्तसभेचा निवाडा

लुई आणि झेली यांच्या संतपदासाठीची चौकशी १९५७ साली सुरू झाली. १९९४ साली त्यांचे सद्गुण वीरोचित असल्याचे जाहीर झाले, १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे ते धन्यवादित घोषित झाले आणि सात वर्षांनी संत. ह्या दीर्घ छाननीत त्यांच्या आयुष्यातील ती तीन वर्षे अर्थातच लपून राहिली नाहीत आणि ती आडही आली नाहीत.

हा निवाडा आपल्या कुटुंबांनी मनावर घ्यावा असे वाटते. कोणा घरात आजोबांना नातवंडांची नावे आठवेनाशी होतात, ते भलत्याच वेळी घराबाहेर पडतात, ओळखीच्या माणसावर चोरीचा आळ घेतात. घरचे दमून जातात, लाजतात, पाहुण्यांपुढे त्यांना आणीत नाहीत. ज्याने चाळीस वर्षे हातोडा, करवत किंवा पाना चालवून घर उभे केले, तो जणू मृत्यूपूर्वीच घरातून वजा होतो. मनाचा आजार हा पापाचा दंड नव्हे आणि घराण्याला लागलेला डागही नव्हे. बुद्धी मावळली तरी देवाने घातलेली हाक मावळत नाही. लुई मार्टिन यांच्या रूपाने ख्रिस्तसभेने हे वेदीवरून सांगितले आहे. रुग्णाला संस्थेत ठेवण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांनीही स्वतःला दोष देत बसू नये. मार्टिन भगिनींवर तीच पाळी आली होती. मात्र त्यांनी पित्याला विसरून जाणे पत्करले नाही.

संतांचा सण सामान्यतः त्यांच्या मृत्युदिनी येतो, कारण तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिन. लुई आणि झेली यांचा सण मात्र १२ जुलै रोजी ठेवला आहे. ज्या रात्री दोघे हातात हात घालून चर्चकडे निघाले, ती ही रात्र. मातेच्या ख्रिस्तसभेने त्यांच्या पावित्र्याचा आरंभ मानला तो त्या विवाहवेदीपाशी. त्या दिवशी आपल्या घरातील ज्येष्ठ कारागिरासाठी, तो शुद्धीवर असो वा नसो, एक प्रार्थना अवश्य व्हावी.